रोज जेवणारी माणसं कुठे बसतात ते बघा

अकोल्याहून नोकरीसाठी मुंबईत आलेल्या एका मुलीने विचारलंय: राहायला मुलुंडला, पेइंग गेस्ट, स्वयंपाकाची सोय नाही. ऑफिस फोर्टात. मोबाइलवर लोकांनी दिलेले तारे बघून हॉटेलात जाते तर सगळीकडे तेच पनीर, तेच नूडल्स आणि बिल चारशेच्या वर. दीडशे-दोनशेत रोज खाता येईल अशी साधी, चांगली हॉटेलं शोधायची कशी? आणि एकटीने जाऊन बसता येईल का?

येईल. दीडशे-दोनशेत चांगलं जेवताही येईल. हे मी ठामपणे सांगते, कारण हॉटेलांना किराणा पुरवणं हा आमचा घरचा धंदा आहे. तांदूळ, डाळी, तेलाचे डबे, मिरची, धणे, चहापावडर. ऑर्डरी मी घेते आणि उधारीही मीच वसूल करते. फोर्टापासून दादरपर्यंतची कितीतरी हॉटेलं मी आधी मागच्या दाराने पाहिली आणि टेबलावर नंतर बसले. कोण कसल्या दर्जाचा माल घेतं, कोण दोन दिवसांआड लागेल तेवढाच घेतं आणि कोण स्वस्त दिसलं की भरून ठेवतं, हे सगळं आमच्या वहीत दिसतं. त्याच्या खुणा बाहेरच्या माणसालाही दिसू शकतात.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. या शहरात स्वस्त आणि चांगलं एकत्र मिळतं ते जिथे तीच माणसं रोज जेवतात तिथे. स्टेशनाबाहेरच्या मोठ्या हॉटेलात आज आलेलं गिऱ्हाईक पुन्हा येईलच असं नसतं. भाजी बिघडली तरी मालकाचं काही अडत नाही, उद्या दुसरी माणसं येणारच. रोजच्या गिऱ्हाइकाला मात्र आमटी पातळ झालेली त्याच दिवशी कळते, आणि गल्ल्यावर पैसे देताना तो ते तोंडावर सांगतो. चार दिवस आमटी पातळच राहिली तर तो आणि त्याच्याबरोबरचे सहा जण शेजारच्या गल्लीत जायला लागतात. असं झालेलं हॉटेल सावरताना मी फार कमी वेळा पाहिलंय. त्यामुळे हॉटेल शोधू नका, आधी माणसं शोधा. या भागात रोज बाहेर कोण जेवतं, किती वाजता आणि कुठे?

फोर्टात याचं उत्तर सोपं आहे. बँकांचे शिपाई, कोर्टातले कारकून, वकिलांकडचे ज्युनियर, कुरिअरवाले, दुकानांतले सेल्समन. यांची जेवणाची वेळ साडेबारा ते दोन, आणि बऱ्याच जणांना सुट्टी अर्ध्या तासाची. एखाद्या दिवशी साडेबाराला ऑफिसमधून खाली उतरा आणि घाईत चालणारी, हातात डबा नसलेली माणसं कुठल्या गल्लीत वळतात ते बघा. मोठ्या रस्त्यावर ती थांबत नाहीत. दोन इमारतींमधल्या बोळात, नाहीतर लाकडी जिन्याने पहिल्या मजल्यावर जातात.

तुमच्या इमारतीच्या लिफ्टमनला किंवा वॉचमनलाही विचारा, पण प्रश्न नीट विचारा. ‘इथे चांगलं हॉटेल कुठलं?’ म्हणाल तर तो तुमच्या कपड्यांकडे बघून एसीवाल्या हॉटेलाचं नाव सांगेल. त्याला वाटतं, मॅडमना तेच हवं असणार. ‘तुम्ही स्वतः कुठे जेवता?’ असं विचारा. उत्तर वेगळं येतं, आणि बहुतेक वेळा तो ‘मालकाला माझं नाव सांगा’ असंही म्हणतो. जरूर सांगा. ओळखीने आलेल्या माणसाला पहिल्या दिवशीच नीट वाढलं जातं.

आता स्वस्त का, हेही समजून घ्या, कारण एक स्वस्ताई चांगली असते आणि एक वाईट. फोर्ट, गिरगाव, लालबाग, दादर या जुन्या भागांत साधी हॉटेलं टिकली याचं मोठं कारण पागडी, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन मग कमी भाड्याने धरलेली जागा. गाळा आजोबांनी पागडीने घेतलेला, भाडं नाममात्र. घरातलीच माणसं कामाला, पदार्थ मोजके, एसी नाही, आणि एका टेबलावर दुपारी चार-पाच वेळा माणसं बदलतात. असं असेल तर कमी दरातही मालकाला चांगला तांदूळ परवडतो. नव्या इमारतीत बाजारभावाने भाडं भरणाऱ्याने तीच थाळी त्याच दराला दिली, तर पैसे कुठून तरी वाचवावेच लागतात, आणि ते तेलातून, डाळीतून वाचवले जातात. म्हणून नव्याकोऱ्या, चकचकीत आणि अतिस्वस्त जागेपेक्षा जुन्या गाळ्यातल्या, रंग उडालेल्या पण लखलखीत पुसलेल्या टेबलांच्या जागेवर मी जास्त विश्वास ठेवते. दुःखाची गोष्ट एवढीच की इमारत पुनर्विकासाला गेली की यातली बरीच हॉटेलं परत उभी राहत नाहीत.

तुमच्याकडे एक चांगली गोष्ट आहे, ती म्हणजे मुलुंड ते सीएसएमटीचा पास. त्या पासावर मधल्या कुठल्याही स्टेशनला उतरता येतं, आणि मध्य रेल्वेच्या या पट्ट्यात मुंबईतल्या जवळजवळ प्रत्येक तऱ्हेचं साधं जेवण मिळतं. जाताना फास्ट पकडा, येताना आठवड्यातून एकदा स्लोने या.

करी रोड किंवा परळला उतरलात तर तो गिरणगावाचा भाग. इथल्या खानावळींचा इतिहास मोठा आहे. कोकणातून, घाटावरून आलेले कामगार बायका-मुलांना गावी ठेवून इथे खोलीत दाटीवाटीने राहायचे आणि आसपासच्या बायकांच्या खानावळीत महिन्याच्या हिशोबाने जेवायचे. पगार झाला की पैसे. मधल्या काळात त्या बायका सावकाराकडून चढ्या व्याजाने पैसे उचलून किराणा भरायच्या. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू करून या खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पुढे 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि जेवणारेच गेल्यावर त्या खानावळींचं काय झालं असेल ते तुम्हाला कळेल. जे स्वयंपाकघर टिकलं त्याने दुसरी माणसं धरली. परळला केईएम आहे, टाटा हॉस्पिटल आहे. पेशंटबरोबर गावाहून आलेले नातेवाईक, नर्सेस, वॉर्डबॉय. मोठ्या सरकारी किंवा पालिकेच्या हॉस्पिटलाजवळ कमी तिखट, कमी तेलाचं, साधं वरण-भात-पोळी हमखास मिळतं. पोट बिघडलं असेल त्या आठवड्यात हे लक्षात ठेवा.

याच भागातल्या एका छोट्या मालवणी खानावळीत आमचा माल जातो. ती जरा जवळून दाखवते. माल घेऊन सकाळी पोचावं तर एका शेगडीवर सुकं खोबरं आणि कांदा भाजत असतो, इतका काळसर की नवख्याला करपला वाटेल. मासे धुऊन, खाचा पाडून, हळद-मीठ आणि आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, लावून थाळ्यात ठेवलेले. बांगड्याच्या कढीसाठी तिरफळं, हा कोकणातला उग्र वासाचा मसाला, वेगळ्या वाटीत, थोडी ठेचलेली. दाराशी फळा टांगलेला, त्यावर खडूने त्या दिवशीचे मासे. फळा रोज पुसून नव्याने लिहिला जातो, आणि मासा संपला की त्याचं नाव तिथल्या तिथे खोडलं जातं. पावणेदोनला ‘मांदेली’वर रेघ आलेली बघितलीत तर समजा की जागा बरोबर आहे. छापील मेन्यूकार्डावर वर्षभर तेच बारा मासे असतील तर त्यातले निम्मे फ्रीजमधले असणार. फ्राय मागितल्यावर आठ-दहा मिनिटं लागतात, कारण रवा आणि तांदळाचं पीठ ऑर्डर आल्यावर लावतात. ताट आल्याबरोबर फ्रायही आला तर तो आधी तळून ठेवलेला आहे, असं धरून चाला.

तिथली बाई सुरमईच्या गिऱ्हाइकाला खूश ठेवते, पण स्वतःच्या घरच्यांसाठी मांदेली, बोंबील, बांगडा ठेवते. तुम्हीही तेच मागा. दोनशेच्या आत मासे खायचे तर सुरमई-पापलेटाच्या नादी लागू नये. बारीक मासा स्वस्त असतो, लवकर संपतो, म्हणून ताजा असतो. तो खायला कंटाळा न करणाऱ्याला मुंबईत माशाचं जेवण अजूनही परवडतं.

माशाच्या हॉटेलांचं कॅलेंडर मात्र पाठ करा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत ताजी सुरमई रोज देणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा, ती आली कुठून? प्रामाणिक खानावळ त्या काळात सुकट, सुके बोंबील, खाडीतले मासे, नाहीतर सरळ चिकन आणि काळ्या वाटाण्याच्या उसळीवर येते. पावसाळ्यातली ती सुकटीची चटणी आणि भाकरी मी तर मुद्दाम जाऊन खाते. आठवड्याचंही गणित आहे. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि संकष्टीला पुष्कळ मराठी घरं मासे खात नाहीत, त्यामुळे खप कमी आणि माल कमी. काही खानावळी यातल्या एखाद्या दिवशी बंदच असतात. बुधवार, शुक्रवार, रविवार हे माशाचे दिवस. श्रावणात खप पडतो, आणि नारळी पौर्णिमेनंतर गर्दी पुन्हा चढायला लागते.

सोलकढीवरून बऱ्याच गोष्टी कळतात. आगळाची आणि नारळाच्या दुधाची खरी सोलकढी फिकट, जराशी मळकट गुलाबी असते आणि ग्लास थोडा वेळ ठेवला की दूध वर, पाणी खाली असं वेगळं व्हायला लागतं. चमकदार गुलाबी आणि शेवटपर्यंत एकसारखी दिसली तर मी दुसऱ्यांदा मागत नाही. नारळ महागला की पहिली काटछाट सोलकढीत होते, नंतर कालवणात.

भांडुप तुमच्यापासून दोनच स्टेशनं आहे. तिथे पश्चिमेला कोकणातली वस्ती मोठी, त्यामुळे अशा खानावळी शोधायला दादरपर्यंत जायचीही गरज नाही. रविवारी दुपारी साडेबाराच्या आत पोचा.

दादरबद्दल थोडक्यात सांगते. शिवाजी पार्कजवळच्या प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पीयूष, आस्वादची मिसळ, स्टेशनाजवळचं 1910 पासूनचं मामा काणे, गिरगावात पणशीकर आणि विनय हेल्थ होम. ही नावं तुम्हाला कुणीही सांगेल आणि खोटं सांगणार नाही. एकेकदा सगळीकडे जा. पण ही न्याहारीची आणि फराळाची ठिकाणं आहेत, काही ठिकाणी रांगही असते. रोजच्या दोन जेवणांचा प्रश्न त्यांनी सुटत नाही.

माटुंग्याने मात्र सुटू शकतो. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनाला लागूनच रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, 1942 पासूनचं. केळीच्या पानावर जेवण, मर्यादित किंवा पोटभर, आणि स्वयंपाकघर बघायला आत या असं ते स्वतः म्हणतात. धंद्यातली माणूस म्हणून सांगते, गिऱ्हाइकाला स्वयंपाकघर दाखवायची तयारी असणं ही फार मोठी गोष्ट आहे. तिथून किंग्ज सर्कलकडे चालत गेलात की 1940 पासूनचं कॅफे मद्रास, आणि त्याच परिसरात दाक्षिणात्य जेवणाची आणखी छोटी ठिकाणं. या भागात फिल्टर कॉफी आणि इडली सकाळी सातला जितकी चांगली तितकी संध्याकाळी सातला नसते. इडलीच्या पिठाला वेळ कळते. सकाळचं आंबवण दुपारपर्यंत जास्त आंबतं, ते मग डोशाला आणि उत्तप्पाला वापरतात. म्हणून संध्याकाळी उडुपी हॉटेलात इडलीऐवजी डोसा मागवा.

उडुपी हॉटेलं मुंबईभर आहेत आणि तुमच्यासारख्या एकट्या राहणाऱ्यांना त्यांचा मोठा आधार. दुपारची राइस प्लेट तिथलं सगळ्यात प्रामाणिक ताट: दोन भाज्या, डाळ किंवा सांबार, रसम, भात, पुऱ्या नाहीतर पोळ्या, ताक, पापड. ती साधारण बारा ते तीन मिळते आणि आचाऱ्याचं सकाळचं सगळं लक्ष तिच्यावरच असतं. त्याच हॉटेलात रात्री जाऊन पंजाबी मागवलंत तर चित्र बदलतं. मोठ्या मेन्यूच्या हॉटेलात सकाळीच तीन पातेली भरून ठेवतात: लाल ग्रेव्ही टोमॅटोची, पिवळी कांद्याची, पांढरी काजू-मगजाची. कार्डावरच्या पन्नास भाज्या या तीन पातेल्यांतून निघतात. नाव कोल्हापुरी असो की कढाई, वरून मसाला बदलतो. तुम्हाला सगळीकडे ‘तेच पनीर’ लागलं त्याचं कारण हेच.

पनीरबद्दल जरा स्पष्ट बोलते, कारण त्याचा घाऊक भाव मला माहीत असतो. दुधाचं पनीर महाग आहे. शंभर-सव्वाशेला भरपूर पनीर घातलेली भाजी देणारा ते दुधाचं वापरतोय, हे हिशोबात बसत नाही. बाजारात वनस्पती तेलापासून केलेलं, पनीरासारखं दिसणारं उत्पादन मिळतं, ते निम्म्याहून कमी भावात येतं. साध्या हॉटेलात पनीर मागवायचंच नाही, हा माझा नियम. उसळ, झुणका, भरलं वांगं, डाळ-पालक, अंड्याचा रस्सा, पिठलं. या पदार्थांतला कच्चा माल मुळातच स्वस्त, त्यात खोटं घालून वाचण्यासारखं फारसं काही नाही. मटकीच्या जागी दुसरं काय घालणार?

तेल दुसरी गोष्ट. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलासाठी अन्नसुरक्षेच्या नियमांत 1 जुलै 2018 पासून मर्यादा घातलेली आहे, तेलातले पोलर घटक 25 टक्क्यांच्या वर गेले की ते फेकायचं. यंत्र तुमच्याकडे नसेल, डोळे-नाक आहे. वडेवाल्यासमोर घाणा निघत असताना दोन मिनिटं उभं राहा. वडा सोडल्यावर बारीक बुडबुडे येऊन लगेच बसले तर तेल बरं आहे. फेस चढून कढईच्या काठाला चिकट तपकिरी थर जमत असेल, धूर डोळ्यांना झोंबत असेल, तर पुढे चला. चांगला वडेवाला छोटे छोटे घाणे काढतो आणि परातीत आठ-दहापेक्षा जास्त वडे पडू देत नाही. पावाची लादी सकाळी आणि दुपारी अशी दोनदा बेकरीतून येते. दुपारची लादी आल्यावर, चारच्या सुमारास, वडापाव सगळ्यात चांगला लागतो.

आता मुलुंडच्या रात्रीच्या जेवणाचं. इथे हॉटेल शोधत बसण्यापेक्षा पोळीभाजी केंद्र शोधा. संध्याकाळी गाडीतून उतरलेल्या नोकरदार बायका स्टेशनाकडून घरी जाताना वाटेत जिथे थांबतात ते दुकान. पोळ्या नगावर, भाजी पावकिलोवर नाहीतर डब्यावर, वरण वेगळं. सात ते साडेआठ ही त्याची वेळ, नऊनंतर उरलंसुरलं. पोळी तव्यावरून थेट येतेय की डब्यात रचून ठेवलेली आहे ते बघा, आणि तीन केंद्रांतली भाजी आळीपाळीने आणून बघा. फरक पहिल्या आठवड्यातच कळतो. एक साधी परीक्षा म्हणजे फ्लॉवर-बटाटा. सगळ्यात कंटाळवाणी भाजी जिने नीट केली, तिच्या बाकीच्या भाज्या डोळे मिटून घ्याव्यात. मुलुंड-घाटकोपर पट्ट्यात गुजराती वस्तीही मोठी आहे, त्यामुळे ढोकळा, खांडवी, थेपले, कढी-खिचडी चांगली मिळते. थेपले दोन दिवस टिकतात, ट्रेनमध्ये खाता येतात, आणि कुठलाही डबा नसलेल्या दिवशी उपयोगी पडतात.

मोबाइल टाकून द्या असं मी म्हणत नाही. वापरायची पद्धत बदला. ‘बेस्ट रेस्टॉरंट’ शोधू नका. नकाशावर ‘खानावळ’, ‘भोजनालय’, ‘लंच होम’, ‘मेस’, ‘उपाहारगृह’, ‘पोळीभाजी केंद्र’ हे शब्द देवनागरीत आणि इंग्रजीतही घालून बघा. तारे सोडा, गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो बघा. स्टीलचं ताट, फळ्यावरचा खडू, एकटी जेवणारी माणसं दिसली की ठिकाण मनात धरा. सगळ्यात नवे अभिप्राय आधी वाचा, कारण आचारी बदलला की सगळं बदलतं आणि जुने तारे तसेच राहतात. घरपोच देणाऱ्या ॲपवर हॉटेलाला कमिशन द्यावं लागतं, म्हणून तोच पदार्थ तिथे बहुधा महाग असतो. आणि ज्या खानावळीची दुपारची पंगत तशीच भरते तिला ॲपची गरज नसते, त्यामुळे ती तिथे दिसतच नाही. भिंतीवर अन्नपरवान्याचा 14 आकडी नंबर लावलेला आहे का, हे मात्र छोट्या जागेतही बघा.

इराणी हॉटेलं राहिलीच. फोर्टातली याझदानी बेकरी, कॅफे मिलिटरी, धोबी तलावला 1904 पासूनचं कयानी. ब्रून मस्का (कडक पाव आणि लोणी), चहा, खिमा. ही ठिकाणं कमी होत चालली आहेत, म्हणून सकाळी ऑफिसच्या आधी जात जा. बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानिया हॉटेलाचा बेरी पुलाव पगाराच्या दिवसासाठी ठेवा.

मांसाहार आवडत असेल तर सँडहर्स्ट रोडला उतरून भेंडीबाजारात 1923 पासूनचं नूर मोहम्मदी आहे, तिथली नल्ली निहारी. चेंबूर कॅम्पात फाळणीनंतर आलेल्या सिंधी वस्तीतलं दाल-पकवान मात्र सकाळचं खाणं, अकरानंतर जाऊन उपयोग नाही.

एकटीने बसण्याबद्दल. दुपारी बारा ते तीन फोर्टात, दादरला, माटुंग्याला कुणी वळूनही बघत नाही. कितीतरी बायका एकट्याच जेवत असतात. साध्या खानावळीत टेबल वाटून बसावं लागतं, समोर अनोळखी माणूस येऊन बसेल. तो जेवेल आणि उठेल. आवडत नसेल तर गल्ल्याजवळचं टेबल मागा, मालकाच्या नजरेसमोरची जागा कधीही चांगली. जिथे गल्ल्यावर बाई बसलेली असते किंवा वाढायला बायका असतात तिथे पहिल्यांदा जाणं सोपं पडतं. काही जुन्या हॉटेलांत ‘फॅमिली रूम’ची पाटी असते, तुम्ही एकट्या असलात तरी तिथे बसू शकता, विचारायची गरज नाही. रात्री नऊनंतर बिअर बार जोडलेल्या हॉटेलात मी स्वतः जात नाही, तुम्हालाही सांगणार नाही.

जागा एकदा पसंत पडली की महिन्याचं बोलून घ्या. बहुतेक खानावळी कूपन देतात, एकदम घेतलेल्या कूपनांवर एक-दोन जेवणं वर मिळतात. बोलताना तीन गोष्टी विचारा: न गेलेल्या दिवसाचं कूपन पुढच्या महिन्यात चालतं का, मैत्रीण आली तर तेच कूपन तिला चालेल का, आणि मासे-चिकनच्या दिवशी वरचे किती. पहिला आठवडा मात्र रोख देऊन जेवा आणि त्यात एक सोमवार येऊ द्या, कारण रविवारचं उरलेलं कुठे जातं ते सोमवारच्या उसळीत आणि भातात कळतं. भात मोकळा, गरम, वास नसलेला आला आणि आमटीला त्या दिवशीचीच फोडणी असली, तर मंगळवारी कूपन घ्या. आणि रविवारी रात्री खानावळी बहुधा बंद असतात, तेव्हा त्या दिवशीचे थेपले शनिवारीच आणून ठेवा.